सोनोमातील जुन्या हॉटेलात मुक्काम आणि जेवण : मदत हवी आहे

नमस्कार. सप्टेंबरअखेरीस, म्हणजे ऐन द्राक्षतोडणीच्या हंगामात, आम्ही उभयता आणि माझ्या सासूबाई कॅलिफोर्नियातील सोनोमा येथे दोन रात्री राहणार आहोत. ज्या चौकात १८४६ मध्ये मेक्सिकोच्या सत्तेविरुद्ध बंड करणाऱ्यांचे अस्वलाचे निशाण फडकले, त्याच्या आसपासच्या एखाद्या जुन्या इमारतीतील हॉटेलातच उतरावे, असा माझा हट्ट आहे. एकसारख्या नव्या खोल्यांसाठी इतक्या दूर जाण्यात मला अर्थ वाटत नाही.

अडचण अशी, की सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि अशा इमारतींत लिफ्ट असेलच असे नाही. तळमजल्यावरची खोली आधी सांगून ठेवल्यास मिळते का, आणि शेजारीच उपाहारगृह असेल तर रात्री आवाजाचा त्रास होतो का?

१८५७ साली स्थापन झालेल्या ब्यूना व्हिस्टा वायनरीतून घेतलेली वाइनची बाटली हॉटेलातील जेवणासोबत उघडायची झाल्यास कॉर्केज शुल्क (बाहेरून आणलेली बाटली उघडून देण्याचा आकार) मुक्कामी पाहुण्यांना माफ होते का? शिवाय सासूबाई शाकाहारी असून अंडेही खात नाहीत. ठरावीक पदार्थांच्या भोजनात त्यांच्यापुरता बदल करून देतात, की त्यांच्यासाठी वेगळे मागवणेच बरे? तिथे राहून आलेल्यांनी कृपया स्वानुभव कळवावा.