मदत हवी आहे: पहिल्या महायुद्धातली कॅनेडियन शिपायाची फाइल

नमस्कार मंडळी. माझं सासर कॅनडातलं. सासूबाईंचे आजोबा पहिल्या महायुद्धात फ्रान्सला लढले. त्यांची सेवा-नोंद लायब्ररी अँड आर्काइव्हज कॅनडाकडून स्कॅन करून घरबसल्या मिळाली. घरात त्यांचं नाव शूर म्हणून घेतात. फाइलभर मात्र गैरहजेरी, दारू, सार्जंटला उलट उत्तर, आणि पगारकपात. पगार तो काय, दिवसाला १ डॉलर आणि १० सेंट भत्ता!

अक्षर किरटं, त्यावर शिक्का बसलेला. ‘एफ. पी. नं. १’ म्हणजे फील्ड पनिशमेंट, एवढं समजलं. दिवसाला दोन तासांपर्यंत माणसाला खांबाला किंवा गाडीच्या चाकाला बांधून ठेवत. वाचून पोटात कालवलं. ब्रिटिश लष्कराने ही शिक्षा १९२३ मध्ये बंद केली.

दोन शिक्षा २८ दिवसांच्या आहेत. तेवढी कमांडिंग ऑफिसर स्वतःच देऊ शके. तिसरी ९० दिवसांची, म्हणजे कोर्ट-मार्शल झालं असणार. त्या सुनावणीचे कागद कुठे आणि कसे शोधायचे? अशा नोंदी वाचायची सवय असलेलं कुणी आहे का? सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत. त्यांना सगळं खरं ऐकायचंय, आणि मला ते अर्धवट सांगायचं नाही.