हिरवा म्हणजे नक्की कुठला हिरवा?

मधुमालती:
काल माळ्यावरची ट्रंक आवरताना एक पुडी निघाली. आत चार हिरव्या दशा, वर आईच्या अक्षरात 'अळू'. मिनिटभर कळेचना. मग आठवलं! आठवीत असताना आईने पदराच्या दशा कापून हातात दिल्या आणि मला लक्ष्मी रोडला मॅचिंग ब्लाउजपीस आणायला पाठवलं. दुकानदार म्हणाला, "कुठला हिरवा?" मी म्हटलं, "हिरवा." त्याने गठ्ठाच उलगडला. पोपटी, मेंदी, शेवाळी, पिस्ता, बॉटल ग्रीन, रामा... ट्यूबलाइटखाली हुबेहूब वाटला तो घेऊन आले. घरी उन्हात धरला तर चक्क मेंदी! "दुकानाच्या दारात जाऊन उजेडात बघायचं असतं गं," एवढंच आई म्हणाली. तो ब्लाउज तिने पुढे आठ वर्षं त्याच साडीवर घातला. तुमच्या घरी रंगांना काय काय नावं होती? लिहा.

कढीपत्ता:
आमच्याकडे 'शेणकट हिरवा'. आजी आवडला नाही की असंच म्हणायची. मग तो पिस्ता का असेना.

भोसरीकर:
ताई, तुमची चूक नव्हती. रंगाच्या कारखान्यात बावीस वर्षं काढली. दोन वेगळे डाय एका उजेडात सारखे दिसतात आणि दुसऱ्यात फटकून दिसतात, त्याला मेटामेरिझम म्हणतात. आमच्याकडे शेड जुळवायला पेटी असायची. आत दिवसाचा उजेड, दुकानातली ट्यूब, पिवळा बल्ब, बटण दाबून बदलायचे. तिन्हीत जुळला तरच पास. आईंचं 'दारात जाऊन बघ' म्हणजे तीच पेटी, बिनखर्चाची.

मधुमालती:
काका, हे आईला सांगायला हवं होतं हो.

टेकडीवरची:
मोरपंखी हिरवा की निळा? आमच्या घरी यावरून अबोला झालाय. आणि चिंतामणी कुठला ते मला अजून दाखवलेलं नाही कुणी.

कढीपत्ता:
चिंतामणी म्हणजे दुकानदार म्हणेल तो 😄

पाटीपेन्सिल:
संस्कृतात 'हरि' म्हणजे पिवळाही आणि हिरवाही. 'हरित' त्याच घरातला, हळदीची 'हरिद्रा'सुद्धा. म्हणजे मोरपंखीचं भांडण जुनंच, फक्त बाजू बदलली.

अनामिका:
कुकर लावलाय, पटकन लिहिते. नवऱ्याला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही. माझी मेंदी साडी त्याला 'चॉकलेटी'. लग्नानंतर दोन वर्षांनी समजलं, तोवर मला वाटायचं मुद्दाम चिडवतो. पुरुषांमध्ये हे जास्त, कारण ते जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि मुलाला ते आईकडून मिळतं. पण हे सासूबाईंसमोर बोलायची माझी टाप नाही. शिट्टी झाली, येते.

पाटीपेन्सिल:
चॉकलेटी 😂 आणि सिग्नल?

अनामिका:
वरचा की खालचा, ते बघतो. आडवा सिग्नल आला की मी बोलते.

चिंचबोर:
इंटरमिजिएटच्या परीक्षेला माझ्या डब्यात 'सॅप ग्रीन' होता. मी कित्येक वर्षं 'साप ग्रीन' वाचायचे, हरणटोळासारखा असतो म्हणून. खरा सॅप ग्रीन पूर्वी बकथॉर्न नावाच्या झुडपाच्या फळांच्या रसातून काढत. साप बरा होता.

भोसरीकर:
फळांचा बरा म्हणा. शीले नावाच्या केमिस्टने 1775 मध्ये एक झकास हिरवा काढला, त्यात आर्सेनिक. युरोपात लोकांनी तोच भिंतींच्या कागदाला लावला.

कढीपत्ता:
अळूवरून आठवलं, फदफद्यात आंबट चुका घालता की चिंच?

टेकडीवरची:
चुका! आणि मुळा. दाणे हवेतच.

अनामिका:
चिंच. चुका आमच्या मंडईत रोज मिळत नाही. दाण्यांबरोबर हरभऱ्याची डाळ पण.

मधुमालती:
अहो धागा रंगांचा आहे 🙏 बरं, चुकाच. आणि कुणाला सदाशिव पेठेत चांगला टेलर माहितीये का? आईची ती साडी सापडलीय. दशा घेऊन जाणार आहे, या वेळी सकाळी अकराला. ऊन असतं तेव्हा.