खोजक खिंडीचं शिळाछाप चित्र: अस्सल की नक्कल, कसं ओळखायचं?

दरडवाट: जेम्स अॅटकिन्सनच्या अफगाणिस्तान चित्रसंचातलं (लंडन, १८४२) खोजक खिंडीच्या (आजच्या पाकिस्तानातल्या बलुचिस्तानातली) उताराचं रंगीत शिळाछाप, म्हणजे दगडावर काढून छापलेलं, चित्र विक्रीला आहे, फ्रेममध्ये बंद. उघडायला लावलं तर नेमकं काय बघायचं? रंग छापील की हाताने भरलेले?

शिळाप्रेस: उघडल्याशिवाय पैसे देऊ नका. दहापट भिंग आणि खिडकीचा उजेड पुरे. आधी उंटांच्या पायांखालची सावली बघा. दगड वाळूने घासून त्याला दाणा आणलेला असतो, त्यामुळे त्यावरच्या चरबीच्या खडूच्या रेघेत कण लहानमोठे, वेडेवाकडे दिसतात. ठिपके ओळीत किंवा फुलासारख्या गोल मांडणीत असतील तर ती ऑफसेट नक्कल, म्हणजे आधुनिक यंत्रावर छापलेली. इंकजेट जास्त फसवतं, कारण त्याचेही कण विखुरलेले असतात. पण काळ्या सावलीत निळे, गुलाबी, पिवळे कण मिसळलेले सापडतात.

हा संच लुई आणि चार्ल्स हेग या भावांनी दगडावर उतरवला. एका दगडावर काळं चित्र, दुसऱ्यावर मातकट छटा. उजेड हवा तिथे छटेचा दगड खरवडायचा, म्हणजे ढगाची पांढरी कड हा कोरा कागदच. छपाईत दुसरा दगड केसभर सरकला तर तो पांढरा तुकडा ढगाच्या रेघेबाहेर डोकावतो. असं दिसलं तर नाराज होऊ नका, ती चांगली खूण आहे. ताम्रपट्टीच्या छापात कागदात दबलेली चौकट असते, ती इथे शोधू नका.

खळ_आणि_कागद: रंगाबद्दल. हाताने भरलेला जलरंग भिंगाखाली सलग दिसतो, डगल्याच्या रेघेबाहेर थोडा जातो आणि सुकताना कडेला गडद होतो. हातरंगाच्या प्रती तेव्हाही निघाल्या; पण साध्या प्रतीवर आता रंग चढवूनही विकतात. माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, उचला. त्याखाली दबलेल्या पट्टीत चित्र असून रंग नसेल, किंवा तपकिरी डागांवरून रंग गेलेला असेल, तर तो नंतरचा.

तोफगाडा: खालचा मथळाही तपासा. खोजकच्या उताराची एकाहून अधिक चित्रं संचात आहेत. कडा कापून मथळा गेलेला असेल तर भाव कमी करून मागा.

अॅटकिन्सन अफगाणिस्तानवर चालून गेलेल्या ब्रिटिश सैन्याबरोबरचा शल्यवैद्य, त्यामुळे १८३९ची ही वाट त्याने स्वतः पाहिलेली. अरुंद उतारावर बैल-घोडे निरुपयोगी, तोफा माणसांनी दोर धरून उतरवल्या. फ्रेंच चित्रकार दाविदच्या, आल्प्स ओलांडणाऱ्या नेपोलियनच्या १८०१च्या चित्रात तोफ ओढणारे शिपाई घोड्याच्या पोटाखाली, मागे, इवलेसे. इथे मात्र डोंगर आणि वाट हाच विषय. म्हणून हा संच मला जास्त मोलाचा वाटतो. मोहिमेत आघाडीला बंगालची तुकडी होती. जहाजांनी सिंधमध्ये उतरलेली मुंबईची तुकडी मागून आली.

दरडवाट: उत्तम. घेतलं तर पुन्हा फ्रेम कशी करावी?

खळ_आणि_कागद: मागचा पुठ्ठा आम्लमुक्त घ्या; साध्या पुठ्ठ्याने कागद तपकिरी होतो. चित्र चिकटवू नका. वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन पट्ट्या, गव्हाच्या स्टार्चची खळ. सेलोटेप अजिबात नको, त्याचा डाग उतरत नाही. काच कागदाला टेकली तर पावसाळ्यात दमटपणाने चिकटते, म्हणून मध्ये जाड माउंट. डाग काढायला घरी पाणी लावू नका, हातरंग वाहून जाईल. बाहेरच्या भिंतीवर टांगू नका. ओल तिथूनच येते.