सातशेच्या आतली रेड: गुण वाईनला की मटणाला?

तिलकवाडीकर

परवा आमच्या बेळगावच्या हौशी मंडळींनी सातशे रुपयांच्या आतल्या रेड वाईन चाखल्या. बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, वर फक्त अ, आ, इ अशी अक्षरं. काही नाशिककडच्या, काही कर्नाटकातल्याच, आणि एकानं हळूच घुसडलेली गोव्याची गोड पोर्ट. गुण वीसपैकी. आधी नुसती वाईन, मग तीच परत जेवणासोबत.

वाद लागला तो 'इ'वरनं. शिराज आणि कॅबर्ने सोव्हिन्यों या दोन द्राक्षांचं मिश्रण. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरला तर मध्ये गडद जांभळी, कडेलाही विटकरी छटा नाही, म्हणजे वयानं लहान. नाकाला आधी काळी मिरी, मग जास्तच पिकलेलं जांभूळ, ग्लास फिरवल्यावर मागनं लाकूड. घोट घेतला तर आंबटपणा नीट होता, खरं तुरटपणा कच्च्या सुपारीगत हिरड्यांना धरत होता आणि घोट गिळला की चव संपत होती. बहुतेकांनी दहा-अकरा दिले. तासाभरानं सुकं मटण आणि ज्वारीची भाकरी आली, आणि त्याच माणसांनी त्याच बाटलीला पंधरा दिले! आमच्यातला एक कन्नड दोस्त एरवी तोंड उघडत नाही. त्यानं "चलो ऐती", म्हणजे चांगली आहे, म्हणून ग्लास परत पुढं केला. माझ्या मते तेवढं परीक्षण पुरे होतं.

माझं म्हणणं एवढंच, सातशेची बाटली कोण हुंगायला आणत नाही. ती जेवताना संपवायला आणतात. तेव्हा पंधरा हेच तिचे खरे गुण. बोला.

नाकपुडी

बोलतो की. वरचे चार गुण मटणाचे आहेत, ते आचाऱ्याला द्या. मांसातली प्रथिनं टॅनिनला, म्हणजे तुरटपणा देणाऱ्या घटकाला, धरून बसतात, मिठानं तुरटपणा मवाळ लागतो. वाईन सुधारली नाही, तिचा दोष झाकला गेला. उद्या कुणी तीच बाटली नुसत्या शेंगदाण्यांसोबत उघडली, तर तुमचे पंधरा वाचून आणलेला माणूस तुम्हालाच शिव्या घालेल.

1976 साली पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर या वाईनविक्रेत्यानं फ्रेंच परीक्षकांपुढं फ्रान्सच्या आणि कॅलिफोर्नियाच्या वाईन लेबल झाकून ठेवल्या. रेडमध्ये नापा खोऱ्यातली स्टॅग्ज लीप पहिली आली, बोर्दोची बडी घराणी मागं पडली. नावाचं वजन काढून घेतलं म्हणून ते कळलं. तुम्ही लेबल झाकलंत, उत्तम केलंत. आणि लगेच ताट वाढून दुसरं वजन पारड्यात टाकलंत.

माणसाची चव किती कच्ची असते, तेही सांगतो. 2001 साली प्रसिद्ध झालेला बोर्दोचा प्रयोग आहे. वाईनचंच शिक्षण घेणाऱ्या 54 विद्यार्थ्यांना व्हाईट वाईनमध्ये वास नसलेला लाल रंग मिसळून दिली. त्यांनी तिचं वर्णन रेडच्या शब्दांत केलं. शिकलेल्यांना नुसता रंग एवढा फसवतो, तर आपल्या भुकेल्या पोटाचं काय घेऊन बसलात?

खानापूरच्या वहिनी

दोघंही मटण मटण करताय, कसलं मटण ते कुणी विचारत नाही.

त्या दिवशीचं सुकं मी बघितलंय. खोबरं सढळ, तेल सुटलेलं, मिरची ब्याडगी. ब्याडगी रंग देते, तिखटाला बेताची. त्याच जागी तिखट संकेश्वरी मिरचीचा तांबडा रस्सा असता, तर हीच 'इ' आठावर आली असती. तिखटानं तोंड आधीच पेटलेलं, त्यावर 13-14 टक्क्यांचं अल्कोहोल गेलं की आग वाढते आणि तुरटपणा आणखी बोचतो. आमच्याकडं एकदा पाहुण्यांनी हौसेनं तांबड्यासोबत रेड घेतली, आणि शेवटी सगळे ताकावर आले.

म्हणून तिलकवाडीकर भाऊजी, "जेवणासोबत पंधरा" असं मोघम लिहू नका. आणि मला विचाराल तर अशा तुरट रेडला पांढरा रस्सा. नारळाचं दूध असतं, तिखट नसतं. करून बघा.

तिलकवाडीकर

वहिनी, तांबडा बाद, मान्य. तरी माझा मुद्दा तिथंच आहे.

नाकपुडी, तुमच्या पॅरिसच्या परीक्षेत बसलेल्या बाटल्या आपल्या खिशातल्या नव्हत्या. इटलीकडं बघा. तिथल्या किआंती भागाचं सँजोवेसे द्राक्ष मुळात आंबट आणि तुरट. नुसतं प्यालं तर कडक लागतं, टोमॅटो आणि मांसासोबत उलगडतं. तिथले लोक ती वाईन पिढ्यान्‌पिढ्या जेवतानाच पीत आले. तेच सँजोवेसे इथं अकलूजला फ्रातेल्ली वायनरीवाल्यांनी लावलंय. आता त्या द्राक्षाला जेवणाशिवाय गुण द्यायचे म्हणजे पोहणाऱ्याची परीक्षा अंगणात घ्यायची.

अथणीचा बागायतदार

राम राम मंडळी. तुम्ही पिता, आम्ही पिकवतो, म्हणून दोन शब्द.

आमच्याकडं बाग बेदाण्याची. थॉमसन, माणिक चमन, तसल्या जाती. वाईनच्या जातींचं वेगळं असतंय. मणी बारीक, साल जाड, बी भरपूर. रंग सालीतनं येतो, तुरटपणा सालीतनं आणि बियांतनं. एप्रिलला काड्या वाढायला खरड छाटणी, ऑक्टोबरला फळ धरायला गोडी छाटणी, माल फेब्रुवारी-मार्चला. त्या वक्ताला ऊन चढायला लागलेलं असतंय. साखर भराभर 23-24 ब्रिक्सला (रसातल्या साखरेचं माप) जाते, खरं बी आतनं हिरवीच. थांबावं तर आंबटपणा उतरतोय. मग तोडणी लावतात. त्यात स्वस्त वाईनच्या मालाला वजनावर पैसे, मग घड विरळ कोण करणार? वेलीवर जास्त माल सोडला की कुठलाच मणी नीट पिकत नाही. तुमच्या हिरड्यांना सुपारी लागली ती बहुतेक ह्या हिरव्या बीची.

पुढं टाकीत टार्टरिक ॲसिड घालून आंबटपणा जुळवतात. त्यात लबाडी काही नाही, गरम मुलखात सगळीकडं करतात. ओकची पिंपं महाग, म्हणून ह्या भावात ओकचे तुकडे टाकीत सोडतात. तुमचं "मागनं लाकूड" तसलंच असणार.

आता वादाचं. मी नाकपुडी साहेबांकडनं. नुसती चाखून अकरा दिलात तर वायनरीला कळतंय की बी कच्ची हाय, आणि मग तरी तो शेतकऱ्याला आठ दिवस थांबायचे पैसे देईल. मटणासोबत पंधरा दिलात तर त्याला वाटणार सगळं झकास चाललंय. 2007 ला कर्नाटकानं वाईनचं धोरण आणलं, कृष्णा खोऱ्यात विजापूर, बागलकोट, बेळगाव धरलं. तवा आमच्यातल्या काहींना हुरूप आलता. खरं बेदाण्याला शेड हाय, बाजार हाय. वाईनच्या द्राक्षाला कारखान्यानं नको म्हटलं तर ते कुणी खायलासुद्धा घेत नाही. तुमच्या गुणांवर आमचं काही अडत नाही असं समजू नका.

शहापूरकर

बागेपासून ताटापर्यंत सगळं झालं, मधलं दुकान राहिलं.

'इ'ची बाटली जिथनं आणली ते दुकान मला माहीत आहे, नाव घेत नाही. रेड वाईन काचेच्या कपाटात उभ्या, आणि संध्याकाळी चारनंतर ऊन सरळ त्यांच्यावर. एप्रिल-मे दोन महिने तसं शेकलं की ताजं फळ जातं आणि शिजवलेल्या मुरंब्याचा वास उरतो. "जास्तच पिकलेलं जांभूळ" म्हणताय ते वेलीवरचं की कपाटातलं?

दुसरं, ग्लासात ओतली तेव्हा ती किती गरम होती? रेड घरातल्या तापमानाला प्यावी हा नियम थंड मुलखातल्या घरांचा, म्हणजे 16 ते 18 अंश. आपलं बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर असलं तरी मार्च लागला की घरात 30 असतात. त्या गरमीत अल्कोहोल नाकात चढतं आणि वाईन सैल लागते. उघडायच्या आधी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवायची. नाकपुडी, हा दोष वाईनचा का?

नाकपुडी

त्या बाटलीचा. म्हणून एकच वाईन दोन दुकानांतनं आणायची, आणि सगळ्या बाटल्या सारख्या गार करायच्या. मी सुरुवातीपासनं हेच सांगतोय, बाहेरच्या गोष्टी जितक्या सारख्या कराल तितकी वाईन दिसेल. शहापूरकर, तुम्ही माझीच बाजू मांडलीत.

शहापूरकर

अजिबात नाही. आपल्याकडं बाटली ज्या हालतीत मिळते, त्याच हालतीत लोक पिणार. तुम्ही पुस्तकातल्या वाईनला गुण देताय.

चोर्ला घाट

पोर्ट मीच घुसडलीवती. तिच्यावर एक ओळसुद्धा नाही? सगळ्यात आधी तीच बाटली संपली, हे कुणी लिहीत नाही.

नाकपुडी

दादा, संपणं म्हणजे चांगली असणं नव्हे. खरी पोर्ट पोर्तुगालच्या दोरो खोऱ्यातली. आंबायची क्रिया द्राक्षाचं कडक मद्य घालून मध्येच थांबवतात, म्हणून गोडी द्राक्षाचीच उरते आणि अल्कोहोल 20 टक्क्यांच्या आसपास जातं. आपल्याकडं पोर्ट म्हणून विकतात त्यातल्या बऱ्याच वाईनमध्ये बेंगळुरू ब्लू हे द्राक्ष असतं, वास द्राक्षाच्या गोळीचा. तो वास आणि साखर, दुसरं काही सापडत नाही.

चोर्ला घाट

साहेब, तुमची ती भारी तुरट रेड एकदा कुंद्यासोबत घेऊन बघा. कुंदा वाईनपेक्षा गोड, त्यामुळं वाईन नुसती आंबट पाणी लागते. माझी पोर्ट तिथं टिकते. तिलकवाडीकरांचा नियम लावायचा तर बेळगावात पहिला नंबर पोर्टचाच!

तिलकवाडीकर

हे मात्र अंगावर आलं.

बरं, पुढच्या खेपेला दोन रकाने करू. एक नुसत्या वाईनचा, एक ताटासोबतचा, आणि ताटात काय होतं ते शेजारी लिहू. शेवटी दोन्हींची सरासरी.

नाकपुडी

रकाने करा. सरासरी काढणार असाल तर मी येत नाही. अकरा आणि पंधरा मिळून तेरा होतात, आणि तेरा गुणांची वाईन त्या दिवशी तिथं कुणीच प्यालं नव्हतं.

अथणीचा बागायतदार

पहिला रकाना तेवढा वायनरीला पाठवा.

खानापूरच्या वहिनी

पांढरा रस्सा मी करते. बाटल्या मात्र तुमच्या घरनं गार करून आणा. माझ्या फ्रीजमध्ये त्या दिवशी मटण असणार आहे.