पुलअप्स नंतर, आधी पाय

चाळिशीत इनडोअर क्लाइंबिंग सुरू करायचं तर आधी दंड कमवावे लागतील का, हा तुमचा प्रश्न. आणि वरच्या उत्तरात एकांनी रोज पन्नास पुलअप्स सांगितलेत. नका हो! पुण्यात लेकीकडे गेलो की मी बोल्डरिंगच्या (दोराशिवाय चढायच्या, खाली गाद्या असलेल्या बुटक्या) भिंतीवर जातो. पहिल्या दिवशी नुसतं हातांनी ओढत बसलो. वीस मिनिटांत बोटं अशी आखडली की पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडेना. शेजारी एक बारकीशी पोरगी हात सरळ सोडून, बुटाचं टोक होल्डवर (भिंतीवर बसवलेल्या पकडीवर) ठेवून, जिना चढावा तशी वर गेली.

स्नायू लवकर तयार होतात, बोटांच्या शिरांना (डॉक्टर कंडरा म्हणतात, स्नायू हाडाला बांधणारे दोर) फार वेळ लागतो. त्यामुळे सुरुवातीला आठवड्यातून दोनच दिवस, आणि बारीक कडांना लटकणं नाहीच.

सोलापुरात राहून काय? मी महिन्यातून एकदा पुण्याला जायला हुतात्मा एक्स्प्रेस पकडतो. घरी एका पायावर तोल, बैठका. हौसेने गच्चीच्या भिंतीवर होल्ड ठोकले होते, पण आपल्या मे महिन्यात त्यांना हात लावेल कोण! घामासाठी खडू लागतो तो मॅग्नेशियम कार्बोनेटचा. मी नातवाचा फळ्याचा खडू कुटून नेला होता, सगळे हसले.

बूट आधी भाड्याने घ्या. आणि पडायला शिका: दोन्ही पाय टेकवून गुडघे वाकवायचे, मग पाठीवर लोळायचं. हात मागे टेकवलात की मनगट गेलंच.