‘बाप्तिस्तेरियुम’ म्हणजे हौद, कुंड की इमारत?

प्रश्न :
प्राचीन रोमन लेखक धाकट्या प्लिनीची लॅटिन पत्रं वाचतोय. 5.6 मध्ये (पाचव्या पुस्तकातलं सहावं पत्र) इटलीतल्या अपेनाइन डोंगरांच्या पायथ्याशी असलेल्या आपल्या वाड्याचं वर्णन करताना, न्हाणीघरात ‘बाप्तिस्तेरियुम’ आहे असं तो लिहितो. हा शब्द तर बाप्तिस्म्याशी, म्हणजे पाण्याने होणाऱ्या ख्रिस्ती दीक्षाविधीशी जोडलेला, आणि प्लिनी ख्रिस्ती नव्हता. मग हे कसं? आणि मराठीत कोणता शब्द घ्यावा?

प्रतिसाद १ :
शब्द ग्रीकमधून आलाय. ‘बाप्तेइन’ म्हणजे बुडवणे. रंगारी कापड रंगात बुडवतो, त्यालाही हेच क्रियापद. त्यावरून ‘बाप्तिझेइन’. शेवटचा ‘-तेरिऑन’ हा प्रत्यय जागा दाखवतो. झोपायची जागा ती ‘कोइमेतेरिऑन’, आणि त्यातूनच पुढे ‘सिमेट्री’ आला. तेव्हा मूळ अर्थ एवढाच : बुडी मारायची जागा.

तुमच्या पत्रातच पुढची ओळ पाहा. हा हौद गार खोलीत आहे, ऐसपैस आणि सावलीतला. मोकळं किंवा कोमट पाण्यात पोहायचं असेल तर अंगणात ‘पिस्किना’ (पोहायचा तलाव) आहे, आणि ऊब नकोशी झाली तर शेजारीच विहीर. 2.17 मध्ये तर समोरासमोरच्या भिंतींतून बाहेर वळलेले असे दोन हौद आहेत. धर्माचा इथे संबंधच नाही.

प्रतिसाद २ :
ख्रिस्ती अर्थ नंतर चिकटला, आणि तोही मुख्यतः इमारतीला. रोममधल्या लॅटरन चर्चजवळची बाप्तिस्म्याची वास्तू घ्या : चौथ्या शतकात कॉन्स्टंटाइनच्या काळी सुरुवात, मग पोप सिक्स्तुस तिसरा (432–440) यांनी केलेली नवी मांडणी. अष्टकोनी वास्तू, आत आठ खांब. आठ का, तर शब्बाथनंतरचा (शनिवारनंतरचा) रविवार हा येशूच्या पुनरुत्थानाचा ‘आठवा दिवस’. पण तिथल्या कोरीव ओळींत पाण्याला शब्द आहे ‘फोन्स’, म्हणजे झरा : ‘फोन्स हिक एस्त वितै’, हा जीवनाचा झरा. इंग्रजी ‘फाँट’ यातूनच आला. पुढे तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा रूढ झाला, उतरून जायच्या कुंडाची गरज संपली आणि उंच दगडी पात्र आलं.

प्रतिसाद ३ :
भाषांतरात घोळ होतो तो इथेच. प्लिनीसाठी सरळ ‘गार पाण्याचा हौद’ लिहा. लॅटरन किंवा फ्लॉरेन्सची वास्तू असेल तर ‘बाप्तिस्मागृह’, आतल्या पाण्याला ‘बाप्तिस्माकुंड’. ‘बाप्तिस्मा’ मराठी बायबलमुळे सर्वांना कळतो. ‘पिस्किना’ दिसला की मजकुराचा काळ आधी पाहा. प्राचीन लेखनात तळं किंवा तलाव, पण मध्ययुगीन चर्चच्या नकाशात वेदीजवळच्या भिंतीतलं पात्रं धुण्याचं छोटं कुंड. तिथे ‘बाप्तिस्माकुंड’ लिहिलंत तर साफ चूक.