मदत हवी आहे: अलेक्झांडर या नावाची गोव्यातली आणि मराठी रूपे

ग्रीक 'अलेक्सांद्रोस' या नावाचा रूपवृक्ष करतोय. 'अलेक्सेइन' म्हणजे रक्षण करणे, 'आनेर' (षष्ठीत 'आंद्रोस') म्हणजे पुरुष. युरोपची फांदी जुळली: स्कॉटलंडचा अलिस्टर, इटलीचा अलेस्सांद्रो, हंगेरीचा शांदोर, रशियाचा साशा. अरबीत सुरुवातीचे 'अल' उपपद (इंग्रजी 'द'सारखे) समजून गळले, 'क्स'चा 'स्क' झाला, इस्कंदर बनला. फारसीतून आपल्याकडे सिकंदर. त्याहून जुने आणि फार मोलाचे रूप अशोकाच्या तेराव्या शिलालेखात, शाहबाजगढीला (आजच्या पाकिस्तानात) आहे: 'अलिकसुदरो'. (हा मॅसिडोनियाचा सिकंदर नव्हे, तो इ.स.पू. ३२३ मध्येच वारला.)

अडते गोव्यापाशी. पोर्तुगीज 'अलेशांद्रे' याच नावाचे, पण 'अलैशु' ग्रीक 'अलेक्सिओस'चे. धातू एक, नावे दोन. दोघांनाही नुसते 'आलेक्स' लिहिले की फांद्या मिसळतात, नंतर सोडवता येत नाहीत.

म्हणून गोवा, वसईकरांनो, बाप्तिस्म्याच्या नोंदीतले मूळ स्पेलिंग देवनागरीत फोडून, साल आणि घरात हाक मारायचे रूप कळवाल का? आडनाव नको. मोडी वाचणाऱ्यांनी जुन्या कागदांत 'सिकंदर' दिसते की 'शिकंदर', तेही सालासकट सांगावे. साल नसेल तर रूप झाडावर कुठे बसवायचे ते ठरत नाही.